कवळी हलायला लागली की काय करावं

गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे आरतीला अण्णांचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. तीन वर्षांपूर्वी मात्र ते टाळ वाजवत नुसतेच उभे राहिले. घसा बसलाय म्हणाले. पुढे महिनाभराने लक्षात आलं की त्यांनी भाकरीही सोडली आहे, पुण्याच्या सारसबागेतल्या सकाळच्या मंडळींत जाणंही बंद केलंय आणि जेवताना हात सारखा तोंडापाशी जातोय. कवळी हलत होती. दोन वर्षं हलत होती. घरात कुणाला त्यांनी सांगितलं नाही, कारण या वयात हे चालायचंच असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण उपाय होता आणि तो अवघडही नव्हता. ज्यांना नुकतीच कवळी बसली आहे त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या आई-वडिलांना बसली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. अण्णांची आणि नंतर सासूबाईंची कवळी सांभाळताना दवाखान्यांच्या बाकांवर बसून, विचारून-विचारून जे समजलं ते इथे क्रमाने मांडते.

आधी हे समजून घ्या: कवळी तीच असते, जबडा बदलतो

दात होते तोवर जबड्याच्या हाडाला काम होतं. दात काढले की त्या जागचं हाड हळूहळू झिजायला लागतं. पहिल्या काही महिन्यांत ही झीज सर्वांत वेगाने होते, वर्षभरानंतर वेग कमी होतो, पण ती थांबत कधीच नाही. कवळी तुमच्या हिरड्यांचं माप घेऊन बनवलेली असते, आणि ते माप त्या दिवसापुरतं खरं असतं. हिरडी खाली बसली की कवळी आणि हिरडी यांच्यात पोकळी पडते, आणि कवळी हलते.

खालची कवळी जास्त त्रास देते. याला दोन कारणं आहेत. वरची कवळी अख्ख्या टाळूवर पसरलेली असते, लाळेच्या पातळ थराने आणि कडेच्या घट्ट बसणीने ती चिकटून राहते, दोन ओल्या काचा एकमेकींना धरून ठेवतात तशी. खालच्या कवळीचा आकार घोड्याच्या नालेसारखा, मध्ये जीभ. तिला टेकायला मिळणारी जागा वरच्याच्या जेमतेम निम्मी. त्यात खालचं हाड वरच्यापेक्षा कितीतरी जास्त झिजतं. कवळी वापरणाऱ्या माणसांची वर्षानुवर्षं मापं घेऊन १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली होती. म्हणून "वरची छान बसते, खालचीच उडते" ही तक्रार घरोघरी ऐकू येते. यात तुमची काही चूक नाही.

दात काढल्याबरोबर त्याच दिवशी कवळी बसवली असेल, तर ती दोन-चार महिन्यांत सैल होणारच. ते डॉक्टरांनाही माहीत असतं. अशी कवळी घेतानाच विचारून ठेवा की पुढे आतून भरून घट्ट करून देण्याचा खर्च यात धरला आहे की वेगळा.

हाडाखेरीज आणखी काही कारणं असतात. वजन बरंच उतरलं की सैल होते. मधुमेह असेल, किंवा रक्तदाब, ॲलर्जी, नैराश्य यांवरच्या काही गोळ्या चालू असतील, तर तोंड कोरडं पडतं. लाळ नाही म्हणजे चिकटण्याचं साधनच गेलं. सासूबाईंची वरची कवळी दुपारनंतर सुटायची, आणि दोन घोट पाणी पिऊन परत लावली की बसायची. तेव्हा कळलं की तिथे दोष कवळीचा नव्हताच. अशा वेळी गोळ्या मनाने बंद करू नका. ज्यांनी दिल्या त्यांना तोंड कोरडं पडतंय एवढं सांगा, कधी गोळी बदलता येते, कधी वेळ बदलता येते. शिवाय पाण्याची बाटली जवळ ठेवून घोट-घोट पाणी घेत राहा.

घरच्या घरी तपासा: नेमकी कधी आणि कुठे सुटते

दवाखान्यात "हलते" एवढंच सांगितलं तर डॉक्टरांना अंदाज करावा लागतो. त्याआधी आरशासमोर पाच मिनिटं घालवा. हात धुऊन, कवळी लावून, शांतपणे.

वरच्या पुढच्या दातांना आतून अंगठा लावून हलकेच बाहेर ढकला. मागची बाजू टाळूवरून पटकन सुटली, तर मागची कड नीट बसत नाही. मग एका बाजूच्या दाढांवर बोट दाबा. दुसरी बाजू उचलली गेली, तर कवळी मध्यावर झुलते आहे किंवा वरच्या-खालच्या दातांची मिळणी चुकली आहे. आता मोठी जांभई द्या. जांभईतच वरची कवळी खाली येत असेल, तर कुठेतरी कड लांब किंवा जाड राहिली असण्याची शक्यता असते. खालच्यासाठी जीभ बाहेर काढून वरच्या ओठाला लावा. कवळी उचलली गेली, तर जिभेकडची कड तपासायला हवी.

मग मोठ्याने आकडे म्हणा: एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, थेट अडुसष्टपर्यंत. मराठीतली ही ओळ कवळीची खरी परीक्षा घेते. "ष्ट" म्हणताना टकटक आवाज येतो का, "स" ची शिट्टी होते का, "सदुसष्ट" म्हणताना खालची उडते का? अण्णांची त्रेसष्टलाच सुटली होती, आणि तेव्हा मला आरतीतलं ते मौन समजलं.

जे दिसलं ते कागदावर लिहा. कवळी कधी बसवली, त्यानंतर वजन उतरलं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, काय खाताना त्रास होतो. हा कागद दवाखान्यात फार कामाला येतो, कारण खुर्चीवर बसल्यावर वडीलधारी माणसं "तसं ठीक आहे हो" म्हणून मोकळी होतात.

दवाखान्यात जाईपर्यंतचे दिवस

औषधाच्या दुकानात कवळी चिकटवायची पावडर किंवा क्रीम मिळतं, आपल्याकडे फिक्सॉन हे नाव बहुतेक केमिस्टना माहीत असतं. तात्पुरतं वापरायला हरकत नाही. लग्नाला जायचंय, चार लोकांत बोलायचंय, तर जरूर वापरा. पण वापरायची रीत असते, आणि ती कुणी सांगत नाही.

कवळी आधी स्वच्छ घासून घ्या. पावडर असेल तर कवळी ओली ठेवून आतल्या बाजूला पातळ थर भुरभुरवा आणि उलटी करून जास्तीची झटकून टाका. क्रीम असेल तर कवळी कोरडी पुसून तांदळाच्या दाण्याएवढे तीन-चार ठिपके द्या, कडेपासून जरा आत. मग लावून काही सेकंद दाबून धरा. बाहेर ओघळ आला म्हणजे क्रीम जास्त झालं. रात्री काढताना कोमट पाण्याने चूळ भरा, कवळी हळूच डावी-उजवी हलवत सोडवा, आणि हिरडीला चिकटलेलं ओल्या मऊ फडक्याने पुसून काढा. जुना थर तसाच ठेवून त्यावर नवा चढवत राहिलं की खाली बुरशी वाढते.

क्रीम घेताना त्यात जस्त, म्हणजे झिंक, नसलेलं घ्या. झिंक असलेलं क्रीम वर्षानुवर्षं भरमसाट वापरणाऱ्या काही जणांना हातापायांत बधिरपणा आल्याची उदाहरणं आहेत, आणि त्यामुळेच २०१० साली एका मोठ्या कंपनीने झिंक असलेली आपली क्रीम बाजारातून काढली. दिवसातून एकदा लावून भागत नसेल, तर क्रीम बदलून उपयोग नाही. कवळीच दुरुस्त करायला हवी.

आता जे करू नये ते. कवळीखाली कापूस, कागद, फडक्याची घडी घालू नका. तेवढ्या एका जागी दाब येतो आणि तिथलं हाड आणखी लवकर झिजतं. टोचणारी कड कानशीने किंवा ब्लेडने घासू नका. तुटलेली कवळी फेविक्विकने जोडू नका, कारण तुकडे केसभर जरी सरकून चिकटले तरी ती कवळी मग कुणाच्याच हातून नीट जुळत नाही. तुकडे जपून डबीत ठेवा आणि तसेच घेऊन जा, स्वच्छ तुटली असेल तर बहुतेक वेळा जोडून मिळते. थोडेच दात गेल्यावर बसवतात त्या अर्ध्या कवळीला तारेच्या कड्या असतात, त्याही घरी पकडीने आवळू नका.

पुण्यात कुणाकडे जायचं

ज्यांनी कवळी बनवली त्यांच्याकडे आधी जा. त्यांच्याकडे तुमची नोंद असते आणि बारीकसारीक घासून देण्याचे बरेच जण पैसे घेत नाहीत. पण "वय झालं, आता एवढंच" असं ऐकून परत येऊ नका. आम्हाला एका दवाखान्यात नेमकं हेच ऐकावं लागलं, आणि त्यात सात महिने गेले.

कवळीचं खास शिक्षण घेतलेल्या दंतवैद्यांना प्रोस्थोडॉन्टिस्ट म्हणतात. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर ३ वर्षांचं एमडीएस त्यांनी या विषयात केलेलं असतं. पाटीवर डिग्रीपुढे तसं लिहिलेलं असतं, नसेल तर सरळ विचारा. साधी पोकळी भरण्याचं काम चांगले बीडीएस डॉक्टरही करतात. पण हाड फारच बसलं असेल किंवा दोन कवळ्या बनवूनही जमलं नसेल, तर प्रोस्थोडॉन्टिस्टच गाठा.

खर्चाची अडचण असेल, किंवा वेळ हाताशी असेल, तर डेंटल कॉलेजचं रुग्णालय हा पुण्यातला उत्तम मार्ग आहे, आणि मी तो मनापासून सुचवते. धनकवडीला भारती विद्यापीठाचं, वडगाव बुद्रुकला सिंहगडचं, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील. आम्ही धनकवडीला गेलो. स्वारगेटहून कात्रजकडे जाणारी कुठलीही पीएमपी बस दारात सोडते. सकाळी लवकर पोचा, केसपेपर काढा, तपासणी झाली की कवळीच्या विभागात पाठवतात. काम शिकणारे डॉक्टर करतात, वर त्यांचे शिक्षक तपासतात. एकेका पायरीला वेळ लागतो, फेऱ्या जास्त होतात. पण ती तरुण मुलं-मुली घाई करत नाहीत. अण्णांना "आजोबा, अजून एकदा जीभ बाहेर" असं म्हणत एका मुलीने पाऊण तास नुसतं माप घेतलं होतं. तेवढा वेळ खाजगीत क्वचितच मिळतो.

केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. साठीच्या वरच्या, दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना त्यात चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांच्याबरोबर कवळीही मोफत मिळू शकते. त्यासाठी तपासणी शिबिरं होतात. जिल्हा समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा, आधार कार्ड आणि उत्पन्नाचा कागद जवळ ठेवा.

दोन तासांत, स्वस्तात दात बसवून देतो म्हणणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. दंतवैद्याची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असावी लागते, नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. उरल्यासुरल्या दातांवर थेट प्लॅस्टिक थापून कायमचे बसवलेले दात खालची हिरडी कुजवतात. नंतर ते काढताना चांगले दातही जातात.

जाताना कवळी लावून जायचं की काढून?

ही एक गोष्ट आम्हाला कुणी आधी सांगितली नव्हती, आणि त्यापायी दोन फेऱ्या फुकट गेल्या.

कवळी टोचते, जखम होते, म्हणून घासून घ्यायला जाताय, तर त्या दिवशी सकाळपासून ती लावून ठेवा. दुखत असलं तरी निदान काही तास. हिरडीवर लाल खूण असली तरच नेमकी कुठली जागा घासायची ते डॉक्टरांना दिसतं. चार दिवस काढून ठेवून गेलात तर जखम भरलेली असते, डॉक्टरांना काहीच सापडत नाही, आणि घरी आल्यावर परत तिथेच टोचतं.

नवं माप द्यायला किंवा कवळी आतून भरून घ्यायला जाताय, तर उलट. आदल्या दिवसापासून, निदान २४ तास, कवळी काढून ठेवा. सैल कवळीने हिरडी दबलेली, सुजलेली असते. त्या अवस्थेत माप घेतलं तर नवी कवळी सुजलेल्या हिरडीच्या मापाची होते, आणि सूज उतरली की पुन्हा सैल. तेवढा एक दिवस पेज, मऊ खिचडी, वरणभात यांवर काढा.

हिरडी फारच लाल, चोळामोळा झालेली असेल, तर डॉक्टर आधी कवळीच्या आत टिश्यू कंडिशनर नावाचा मऊ थर लावून देतात. तो थोड्या दिवसांचाच पाहुणा. हिरडी सावरेपर्यंत दर काही दिवसांनी बदलावा लागतो. हे टाळून थेट नवं माप घ्यायची घाई करू नका.

डॉक्टर काय उपाय सुचवतील

कड लांब असेल किंवा दातांची मिळणी चुकली असेल, तर नुसतं घासून काम होतं. दहा मिनिटांचं काम. अनेकांची कवळी एवढ्यानेच बसते.

पोकळी पडली असेल तर रिलायनिंग. म्हणजे दात तेच, बाहेरचा सांगाडा तोच, फक्त हिरडीकडची बाजू नव्या मापाने भरायची. खुर्चीवरच केलं तर तासाभरात होतं. त्या मसाल्याला उग्र वास येतो आणि घट्ट होताना तो तापतो, म्हणून मध्येच काढून पुन्हा बसवतात, घाबरू नका. प्रयोगशाळेत पाठवून केलेलं जास्त टिकतं, पण कवळी एक-दोन दिवस तिकडे राहते. त्याप्रमाणे कार्यक्रम ठरवा, तेरवी-मुंज-लग्नाच्या आदल्या दिवशी टाकू नका. ज्यांची हिरडी अगदी पातळ आणि दुखरी असते, त्यांच्यासाठी आत मऊ रबरासारखा थर देतात, सॉफ्ट लायनर. आराम मोठा मिळतो. मात्र तो काही महिन्यांनी कडक होतो, त्यावर बुरशीही लवकर धरते, त्यामुळे बदलत राहावा लागतो.

अण्णांचं रिलायनिंगवर भागलं नाही. दात झिजून सपाट झाले होते, नाक-हनुवटी जवळ आली होती, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडत होत्या. कवळी ९ वर्षांची होती. साधारण ५ ते ७ वर्षांत नवी करायची वेळ येते असं धरून चला. नव्या कवळीला पाच-सहा फेऱ्या लागतात: कच्चं माप, मग पक्कं माप, मग मेणाच्या पट्ट्या चावायला देऊन जबड्यांचं अंतर ठरवणं, मग मेणातल्या दातांची ट्रायल, आणि मग तयार कवळी. यातल्या ट्रायलच्या दिवशी घरच्या कुणीतरी बरोबर जा आणि तरुणपणचा, दात दिसतील असा हसरा फोटो न्या. दात मेणात असेपर्यंत सगळं बदलता येतं. रंग, लांबी, पुढे-मागे. त्या दिवशी भिडेखातर "छान आहे" म्हणू नका. एकसष्ट ते अडुसष्ट तिथेही म्हणून पाहा. आणि जुनी कवळी टाकू नका, नवी दुरुस्तीला गेली की तीच आधाराला येते.

खालचं हाड अगदीच बसलेलं असेल, तर इम्प्लांटचा विचार करावा असं माझं स्पष्ट मत झालं आहे. खालच्या जबड्यात पुढे दोन स्क्रू बसवायचे आणि कवळी त्यांवर टिचबटणासारखी अडकवायची. काढता-घालता येते, पण उडत नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ सालीच म्हटलं होतं की सगळे दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानावा. खर्च साध्या कवळीच्या कितीतरी पट आहे, हाडाने स्क्रू धरायला तीन-चार महिने जातात, साखर ताब्यात असावी लागते. हाडांच्या ठिसूळपणावर गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर ते आधी सांगाच, कारण त्यांचा जबड्याच्या जखमा भरण्याशी संबंध आहे. अंदाजपत्रक दोन ठिकाणांहून लेखी घ्या.

नवी किंवा दुरुस्त कवळी अंगवळणी पडेपर्यंत

चार ते सहा आठवडे धरा. पहिले काही दिवस तोंडाला खूप पाणी सुटतं, कारण तोंडाला ते अन्न वाटतं. आपोआप कमी होतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत टोचणारच, म्हणून तिसऱ्या दिवसाची वेळ आधीच घेऊन ठेवा.

कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या जेमतेम चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा असतो, हे माहीत असलं की माणूस स्वतःवर चिडत नाही. पहिला आठवडा मऊ भात, मुगाची खिचडी, उपमा, शिरा, शिजवलेला भोपळा. मग वरणात कुस्करलेली पोळी, आमटीत भिजलेली भाकरी. घास लहान करा आणि दोन्ही बाजूंना थोडा-थोडा ठेवून चावा. एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलली जाते, हे सांगूनही लवकर सवय होत नाही, कारण आयुष्यभर आपण एकाच बाजूने चावत आलेलो असतो. पुढच्या दातांनी तोडायचं मात्र कायमचं विसरा. सिंहगडावरचं कणीस सुरीने दाणे काढून खा, पेरूच्या पातळ फोडी करा, बाकरवडीचे तुकडे करून घ्या. अंजीर, तीळ, खसखस, राजगिरा यांचे बारीक कण कवळीखाली शिरून सुईसारखे टोचतात. पुरंदरच्या अंजिरांच्या दिवसांत सासूबाईंना हे सांगणं जिवावर येतं, म्हणून आम्ही एक तडजोड केली आहे: अंजीर खायचं, आणि लगेच कवळी काढून नळाखाली धरायची. गुळपोळी आणि चिक्की पहिले तीन महिने नको.

बोलण्यासाठी रोज सकाळी पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचा, सावकाश. अण्णांनी पेपरऐवजी रामरक्षा धरली आणि तिसऱ्या आठवड्यात शब्द सुटे व्हायला लागले.

धुणं आणि रात्र

धुताना बेसिनमध्ये पाणी साठवा किंवा खाली टॉवेल अंथरा. ओली कवळी हातातून सटकते, आणि बऱ्याचशा कवळ्या बेसिनमध्ये पडूनच तुटतात. टूथपेस्ट वापरू नका, तिच्या खरखरीने कवळीच्या ॲक्रिलिक प्लॅस्टिकवर बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत घाण बसते. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. अधूनमधून पाण्यात टाकून कवळी भिजवायची क्लिनसोडेंटसारखी गोळी. उकळतं पाणी अजिबात नको, कवळी वाकते. ज्यांच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं, त्यांच्या कवळीवर पांढरी खर धरते. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात काही तास बुडवली की ती मऊ पडते. धातूचा भाग असलेल्या कवळीला मात्र हे करू नका.

रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा. कोरडी राहिली तर आकार बदलतो आणि सकाळी ती वेगळीच बसते. हिरडीला सहा-आठ तास मोकळं मिळायला हवं. जपानमध्ये ८५ वर्षं आणि त्यावरच्या ५२४ जणांच्या अभ्यासात, जो २०१५ साली प्रसिद्ध झाला, झोपताना कवळी तोंडातच ठेवणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. अण्णांना लाज वाटायची, नातवंडं बघतील म्हणून ते लावूनच झोपायचे. मग आम्ही घरातल्या सगळ्यांना सांगून टाकलं, आणि झाकणाची डबी त्यांच्या उशाशी ठेवायला लागलो. नातवाने ती डबी स्वतः निवडून आणली.

यात थांबू नका

कवळीची जखम कड घासून घेतल्यावर, किंवा कवळी काढून ठेवल्यावर, दोन आठवड्यांत भरलीच पाहिजे. भरली नाही, तर दुसऱ्या दिवशी दाखवा. पांढरा किंवा लाल चट्टा, कडक गाठ, मुंग्या, बधिरपणा, कानाकडे जाणारी कळ, यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. तंबाखू, मिश्री, सुपारी यांची सवय असलेल्या, किंवा पूर्वी असलेल्या माणसांनी यात जराही हयगय करू नये. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी बायकांनी वर्षानुवर्षं मिश्री लावली आहे, आणि दात गेल्यावर हिरडीला लावणाऱ्याही आहेत. "कवळी लागतेय" या समजुतीखाली कॅन्सरची सुरुवात झाकली जाते. टाळू लालभडक दिसत असेल तर बहुधा बुरशी असते, ती औषधाने बरी होते. कवळीच्या कडेला हिरडीची जादा घडी वाढलेली दिसली, तर ती सैल कवळीच्या घासण्यानेच वाढलेली असते, पण तपासून घ्यायला हवी.

काहीच त्रास नसला तरी वर्षातून एकदा तोंड तपासून घ्या. दात नाहीत म्हणून दंतवैद्याकडे काम नाही, असं बहुतेकांना वाटतं. आम्ही गणपतीच्या आधीच्या आठवड्यातला दिवस ठरवून टाकला आहे.

आणि कवळीच्या डबीवर नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर ऑपरेशनआधी कवळी काढायला लावतात, त्या गडबडीत ती टिश्यूत गुंडाळून उशीपाशी ठेवली जाते आणि चादर बदलताना कचऱ्यात जाते. लग्नाच्या पंगतीतही हेच होतं. काढली की डबीत, दुसरीकडे कुठेही नाही, आणि ती डबी बरोबर आलेल्या माणसाच्या पिशवीत.